ताईच्या त्रेपन्न बाक्या

माझ्या ताईच्या हातून आकडा चुकत नाही, असं छापखान्यात सगळे म्हणायचे. ती तिथे छापलेले कच्चे कागद तपासायची. गोष्टी-कवितांचे नाही, निव्वळ आकड्यांचे. गाड्यांची वेळापत्रकं, भरती-ओहोटीची कोष्टकं, वर्ग-घनांची पुस्तकं. समोरची बाई मूळ कागदावरचा आकडा मोठ्यानं वाचणार आणि ताई छापील कागदावर त्या आकड्याखाली पेन्सिलीचं टोक टेकवणार, असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एकदा मालकानं परीक्षा पाहायला म्हणून एका पानावर मुद्दाम एक आकडा बदलून ठेवला. ताईनं तो तर काढलाच, वर आणखी दोन काढले, जे मालकालाही माहीत नव्हते. त्यानंतर मालकानं कानाला खडा लावला.

मी तिची धाकटी बहीण. माझं शिवणाचं दुकान आहे. मला इंच, अर्धा इंच आणि पाव इंच एवढंच गणित येतं आणि तेवढ्यावर माझं कधी काही अडलं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मला बरंच गणित सांगावं लागणार आहे आणि ते मी शिकले ते हौसेनं नाही.

भाऊजी गणिताचे मास्तर. मुलं त्यांना पाठीमागे 'निःशेष सर' म्हणायची. फळ्यावर भागाकार संपत आला की ते वर्गाकडे वळून विचारायचे, "काय, गेला निःशेष?" आणि गेला असला की स्वतःच खूश व्हायचे. माणूस सज्जन, पण कुणी डिवचलं की गेलाच कामातून. शाळेत विज्ञानाचे एक सर होते, दीडशहाणे. त्यांनी एक दिवस शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर मनाला येतील तसे नऊ आकडे लिहिले, ८२९३४८९५१, आणि म्हणाले, "तुम्ही एवढे संख्यांचे जाणकार. ही मूळ आहे का ते सांगा बघू."

भाऊजी म्हणाले, "उद्या सांगतो." त्या उद्याला दोन वर्षं आणि वर काही महिने लागले.

मूळ संख्या म्हणजे काय, ते मला ताईनं माझ्याच भाषेत सांगितलं होतं. कापड आहे, त्याचे सारखे तुकडे करायचेत आणि एक चिंधीही उरता कामा नये. बाराचे होतात, तेराचे होत नाहीत. तेरा मूळ. एवढं लहान असलं की कुणीही सांगेल. ब्याऐंशी कोटी त्र्याण्णव लाख अठ्ठेचाळीस हजार नऊशे एकावन्न असलं की सगळ्यांचे नाकी नऊ येतात. वाचनालयात एक जाडजूड कोष्टक होतं, ते एक कोटीवर संपत होतं. याहून लवकर कळायच्या युक्त्या मोठ्या पुस्तकांतून असतात म्हणे. त्या भाऊजींना माहीत नव्हत्या आणि सांगणारं कुणी नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी त्या संख्येची पत्रिका मांडली. विषम. आकड्यांची बेरीज एकोणपन्नास, म्हणजे तीन बाद आणि नऊही बाद. साताला बाकी चार, अकराला दोन, तेरालाही दोन. पूर्ण वर्ग नाही. चारने भागलं तर तीन उरतात, म्हणून दोन वर्गांची बेरीजही नाही. मी तिथेच बसले होते, कुणाचं तरी लग्न जुळवत असल्यासारखा त्यांचा चेहरा होता. मग म्हणाले, मूळ आहे की संयुक्त ते ठरवायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे अठ्ठावीस हजार सातशे अठ्ठ्याण्णवपर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. कुणीही निःशेष गेला नाही तर मूळ. अशा तीन हजारांवर संख्या होत्या.

"अर्ध्या मी घेते," ताई म्हणाली.

वाटणी कशी करायची, हे तिनंच काढलं. दोन आणि पाच सोडले तर मूळ संख्येच्या शेवटी एक, तीन, सात किंवा नऊच असतो. एक आणि सात भाऊजींचे, तीन आणि नऊ ताईचे. भागाकार छापखान्यातल्या रद्दी कागदावर करायचा, उलट गुणून पडताळायचा, आणि पक्क्या वहीत फक्त दोन आकडे चढवायचे: डावीकडे भाजक, उजवीकडे बाकी. रद्दी फेकून द्यायची. रोज दोघांच्या दोन-दोन. कुठे एकदा जरी शून्य उरलं तरी खेळ खलास, आणि तसं ते उरत नव्हतं. मी त्यांना म्हणायचे, लोक संध्याकाळी फिरायला जातात. त्यावर दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. मला राग यायचा, आणि थोडा हेवाही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

आठ महिने असं चाललं. मग भाऊजींचा आवाज बसला. मास्तरांचा घसा तो, बसायचाच, म्हणून सगळ्यांनी दुर्लक्ष केलं. त्यांनीही केलं. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, आवाज कायमचा गेला आणि ते सहा आठवडे तिथे पडून राहिले. बोलायला म्हणून ताईनं त्यांना पाटी आणि पेन्सिल आणून दिली.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ताईला आणि मला बाहेरच्या बाकावर बसवलं. ते म्हणाले, "सगळं काढता आलं नाही. पुन्हा वाढेल. वर्ष धरा, फार तर दीड."

ताई उठली, तोंड धुऊन आली आणि सरळ आत गेली. भाऊजींनी भुवया उंचावून विचारलं. ती म्हणाली, "सगळं निघालं म्हणाले. आता फक्त जखम भरायची." मी दारात उभी होते. मी काही बोलले नाही. त्या दिवसापासून त्या खोट्यात मीही आहे.

भाऊजींनी मान हलवली. मग पाटी ओढली आणि लिहिलं, "आजचे किती?"

ताईनं तीन दिवसांत एकही भागाकार केला नव्हता. सकाळी छापखाना, दुपारी औषधांची धावपळ, संध्याकाळी त्यांच्याजवळ बसणं. पण त्या प्रश्नात त्यांचा जीव अडकला होता, हे तिला दिसलं. "दोन," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "आजचे किती?" आणि पुन्हा, "दोन." पुष्कळदा "एकच झाला." आणि एकदा सांगितलं म्हटल्यावर वहीत चढवणं आलं, कारण घरी आल्यावर ते वही बघणारच. म्हणून ती दवाखान्याच्या बाकावर बसून बाक्या मनानं लिहायची. खोटी बाकी लिहिणं फार सोपं असतं: भाजकाहून लहान कुठलाही आकडा, शून्य सोडून. ताईनं आयुष्यभर खरी कोष्टकं तपासलेली. खरे आकडे कसे ओबडधोबड दिसतात, ते तिला ठाऊक. तिनं त्या इतक्या बेमालूम लिहिल्या की कुणाच्या बापाला कळलं नसतं. अशा त्रेपन्न झाल्या.

भाऊजी घरी आले, शाळा सुटली ती सुटलीच. उरली ती वही. ताई त्यांच्या समोर बसून पुन्हा खरे भागाकार करू लागली. मधल्या त्रेपन्नांकडे परत जावं असं तिला रोज वाटायचं. पण तिनं एक हिशोब केला होता, भाऊजींनीच शिकवलेला. सात-आठ हजारांच्या भाजकाला नेमकं शून्य उरण्याची शक्यता सात-आठ हजारांत एक. अशा त्रेपन्न. म्हणजे सगळ्या मिळून दीडशेत एक. दीडशेत एक म्हणजे काहीच नाही, असं तिनं मनाशी ठरवलं आणि ती पानं ओलांडून पुढे गेली. मला विचाराल तर हे असलं फक्त गणितवाल्यांच्याच घरात होतं. मी असते तर भीतीनंच सगळं पुन्हा केलं असतं.

दीड वर्ष होत आलं तेव्हा शेवटचा भाजक संपला. तीन हजारांवर बाक्या, एकही शून्य नाही. भाऊजी तोवर निम्मे झाले होते. मान कॉलरमध्ये फिरायची. पण त्या दिवशी ते उठून बसले आणि ताईला न सांगता त्यांनी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना पत्र टाकलं. ते प्राध्यापक दरवर्षी मोठ्या मूळ संख्यांची यादी छापत. आठवड्याच्या आत उत्तर आलं. आपल्या चिकाटीचं कौतुक वाटतं, आमच्याकडे आता एक गणकयंत्र आलं आहे, पुढच्या गुरुवारी आपली संख्या त्यावर घालून पाहू आणि मूळ ठरल्यास यादीत आपल्या दोघांच्या नावानं छापू.

भाऊजींनी ते पत्र शाळेत पाठवलं. मुख्याध्यापकांनी ते फळ्याशेजारी लावलं. विज्ञानाचे सर घरी येऊन भेटून गेले. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा खाली मान घालून बसलेलं पाहिलं.

शुक्रवारी दुपारी ताई माझ्या दुकानात आली. छापखान्यातून रजा काढून आली होती आणि घरी मात्र कामावर जाते असं सांगून. तिनं मागचा पडदा ओढून घेतला, कापणीच्या टेबलाशी बसली आणि मला सगळं सांगितलं. आधी मला हसूच आलं. म्हटलं, आकड्यांच्या देवीनं आकडे खोटे लिहिले. मग मी तिचा चेहरा पाहिला आणि हातातली कात्री खाली ठेवली.

"दीडशेत एक म्हणालीस ना," मी म्हटलं. "मग कशाला घाबरतेस?"

"माझ्याकडे वेळ होता तेव्हा दीडशेत एक कमी वाटत होतं," ती म्हणाली. "आता रात्रंदिवस तेवढंच दिसतं."

"आणि निघालं शून्य, तर निघालं. संख्या फुटली. घर तर नाही फुटलं?"

"तुला कळत नाही गं. यंत्रानं भाजक सांगितला की ते पहिल्यांदा वही उघडतील. माझी बाकी चुकलेली दिसेल. एक चुकली तर चूक म्हणतील. पण ते तिथे थांबणारे आहेत का? ते आजूबाजूच्या सगळ्या पुन्हा करून बघतील. त्रेपन्नच्या त्रेपन्न चुकीच्या निघाल्या तर त्याला चूक म्हणत नाहीत. मग ते विचारतील, त्या सहा आठवड्यांत तू मला आणखी काय काय खोटं सांगितलंस."

मी दुकानाची पाटी उलटी फिरवली आणि बंद करून टाकलं. दीड वर्ष हा माणूस आपण बरे झालो म्हणून जगत होता. ते त्याच्याकडून जायला नको, एवढंच ताईला हवं होतं, आणि त्यासाठी त्रेपन्न भागाकारांत एकही शून्य निघायला नको होतं.

कागद माझ्याकडे खाकी, नमुने कापायचे. लिहायला शिवणाचा खडू. भाजकाचे एकपासून नऊपर्यंतचे गुणाकार मी मांडून द्यायचे आणि ती भागत जायची. माझे गुणाकार दोनदा चुकले, तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की तिसऱ्यांदा चुकायची माझी हिंमत झाली नाही. शुक्रवारी सहा झाले. शनिवारी तेरा. रविवारी घरातून निघायला तिला सबब मिळाली नाही आणि तो दिवस तिनं भाऊजींच्या समोर बसून त्यांचा आनंद बघत काढला. तो दिवस सगळ्यांत वाईट गेला, असं ती म्हणाली. सोमवारी बारा.

मधे एक गिऱ्हाईक पॅंटची कंबर सैल करायला म्हणून पडदा सारून आत आलं. टेबलावर पसरलेल्या खाकी कागदावरचा तो नऊ आकडी आकडा बघून म्हणालं, "बाई, एवढं कापड कुणाला लागतं?" मी म्हटलं, "तुमच्यासारख्यांनाच." एरवी ताई पोट धरून हसली असती. तिनं मान वरही केली नाही.

एकतिसावा भाजक ७८८३ होता. बाकी २१७०. मंगळवारी सकाळी बत्तिसावा काढला, ७९१९.

मी गुणाकार मांडून दिले. ती भागायला लागली. एकदा गेला. मग शून्य, मग चारदा, सातदा, दोनदा. शेवटचा एक खाली घेतला आणि ७१२७१ झाले. मी मांडलेल्या ओळींत तिनं बोट फिरवलं. सर्वांत खालची ओळ, सात हजार नऊशे एकोणीस नवे: ७१२७१. तिनं ते ७१२७१ वरच्या ७१२७१ च्या खाली लिहिलं. दोन ओळी एकाखाली एक अगदी तशाच उभ्या होत्या. तिनं रेघ मारली, पण खाली काही लिहिलं नाही.

"माझा गुणाकार चुकला असेल," मी म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं. तेव्हा मी काय वाटेल ते चुकायला तयार होते.

तिनं पुन्हा केला. माझ्या ओळी न बघता तिसऱ्यांदा केला. मग उलटा गुणला, १०४७२९ गुणिले ७९१९, आणि संख्या परत आली, जशीच्या तशी. वहीत त्या जागी तिनं दवाखान्याच्या बाकावर ४४०६ लिहिले होते. ती पाठ टेकून बसली. रडली नाही. मी पाणी पुढे केलं, ते तिनं कागदापासून लांब सरकवलं.

मी म्हटलं, "ताई, ऐक. ही एक चूक म्हणून जाऊ दे. बाकीच्या बावन्न आपण आता खऱ्या काढतोय. त्या वहीत दुरुस्त करून टाक. मग ते कितीही तपासोत, एकच चुकलेली सापडेल. एक चूक माणसाची होते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ही बाई आयुष्यभर कागदावरचे आकडे खरे करत आली होती. आणि आता खोट्याला खरं करून तिला मोठं खोटं झाकायचं होतं. ती फक्त म्हणाली, "ब्लेड आहे ना तुझ्याकडे?"

उरलेले एकवीस भागाकार तिनं त्याच दिवशी संपवले. बुधवारी भाऊजी सकाळी झोपलेले असताना ती वही पिशवीत घालून घेऊन आली. ब्लेडच्या टोकानं शाई अशी अलगद खरवडायची की कागद फाटत नाही, वर नखानं घासायचं आणि त्याच शाईनं नवा आकडा लिहायचा. तिच्या हाताला ते येत होतं. मी खाकी कागदावरचा आकडा मोठ्यानं वाचायचे आणि ती वहीत बसवायची. अठरा झाल्या होत्या.

दुकानाच्या दाराची घंटी वाजली आणि मी पडद्याबाहेर डोकावले, तर भाऊजी. दीड वर्षात ते कधी एवढं चालून आले नव्हते. अंगात चांगला कोट, काखेत पाटी. कोटाचं मधलं बटण लोंबत होतं, ते त्यांनी बोटानं मला दाखवलं आणि हसले. उद्याच्यासाठी. कुणी भेटायला आलं तर नीट दिसावं म्हणून.

मी म्हटलं, "द्या इकडे, लगेच लावते. बसा, इथेच बसा." पण मी पडद्यासमोरून हलले नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. टेबलाखाली ताईची चप्पल दिसत होती.

ते आत आले. ताई हलली नाही. टेबलावर वही उघडी, शेजारी ब्लेड, आणि कडेला खाकी कागदांची चळत. वर वेगळ्या काढून ठेवलेल्या कागदावर खडूनं केलेला तो भागाकार होता, शेवटच्या रेघेखाली रिकामा. भाऊजींनी तो उचलला. मास्तर शेवटी. त्यांनी तो वरपासून वाचला, प्रत्येक पायरीला मान हलवत, बरोबर, बरोबर. शेवटी आले आणि थांबले. मग टेबलावरचा खडू घेऊन रेघेखाली त्यांनी शून्य काढलं.

मला वाटलं, इथे संपावं. ताईनं चूक झाली म्हणावं आणि त्यांनी मानावं. पण त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि पान उजेडाकडे तिरकं धरलं. खरवडलेल्या जागा पातळ दिसत होत्या. त्यांनी त्या बोटानं मोजल्या. मग पाटीवर लिहिलं, "किती?"

"त्रेपन्न," ताई म्हणाली.

"कधी?"

"तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा."

पुसायलाही ते फार वेळ घेत होते. पेन्सिल पाटीवर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. मी देवाशपथ सांगते, मला ओरडून त्यांना थांबवावंसं वाटलं. त्यांनी लिहिलं, "डॉक्टर काय म्हणाले होते?"

ताईनं सांगितलं. तिनं एकही शब्द कमी-जास्त केला नाही. सगळं निघालं नाही म्हणाले, पुन्हा वाढेल म्हणाले, वर्ष धरा, फार तर दीड. तोंडपाठ होतं तिला. ती आकडे वाचते तशा सपाट आवाजात बोलली आणि बोलून झाल्यावर टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिली. दीड वर्ष पुरं व्हायला तेव्हा दोन आठवडे उरले होते. हे गणित तिघांनाही जमलं, मलासुद्धा.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, तेवढ्यावरून त्यांना माझंही कळलं. मग त्यांनी कोऱ्या कागदासाठी हात पुढे केला. माझ्या बिलांच्या टेबलाशी उभं राहून त्यांनी प्राध्यापकांना चार ओळी लिहिल्या. संख्या मूळ नसून संयुक्त आहे. अवयव ७९१९ आणि १०४७२९. चूक आमची आहे, तसदीबद्दल क्षमा असावी. सहीच्या खाली त्यांनी आणखी एक ओळ घातली: दुसरा अवयव मूळ आहे की नाही ते तपासायचं राहिलं आहे. कागद माझ्या हातात दिला, कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि नुसत्या शर्टावर घरी निघाले. ताई त्यांच्यामागून दहा पावलं अंतर ठेवून गेली.

पत्र मी जाऊन टाकून आले. गुरुवारी यंत्रानं काय सांगितलं, ते आम्ही कुणी विचारलं नाही. शाळेतलं पत्र मुख्याध्यापकांनी गुपचूप काढलं असं ऐकलं.

चार दिवस भाऊजी ताईशी बोलले नाहीत. मुका माणूस बोलत नाही म्हणजे काय, ते तेव्हा मी पाहिलं. पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. ताई औषध द्यायची, ते घ्यायचे. ताई समोर बसायची, ते डोळे मिटायचे. ती मला म्हणाली, "रागावू देत. पण माझ्याकडे बघून रागावू देत." मी म्हटलं, "होईल सगळं ठीक." मलाच लाज वाटली म्हणताना.

पाचव्या दिवशी, रविवारी, मी बटण लावलेला कोट घेऊन गेले. भाऊजी उशीला टेकून बसले होते. मला वाटलं, कोट बघतील. त्यांनी पाटी मागितली. ताईनं दिली, तर त्यांनी तिचं मनगट धरून तिला शेजारी बसवलं. हळूहळू लिहिलं, "माहीत असतं तर मी हे केलं नसतं."

"मला वाटलं, त्यानं तुम्हाला बरं वाटतं," ताई म्हणाली.

त्यांनी बाहीनंच पुसलं आणि पुन्हा लिहिलं. अक्षरं पाटीबाहेर जात होती. "दीड वर्ष मी तुला रोज फक्त आकडा विचारला."

ताईनं ते वाचलं. तिला खोटं बोलता आलं असतं, पण तिच्यात ते आता उरलं नव्हतं. ती म्हणाली, "मलाही तेच सोपं जायचं. आकडा सांगितला की बाकीचं बोलावं लागायचं नाही." आणि मग ती रडली, दवाखान्यातल्या बाकावर रडली नव्हती ते सगळं. भाऊजींनी पाटी बाजूला ठेवली. मी कोट दाराच्या खिळ्याला अडकवला आणि निघून आले.

दुकानात वही उघडली गेली त्या बुधवारपासून भाऊजी एकोणीस दिवस जगले. शेवटच्या पंधरा दिवसांत पाटी पुरेना, म्हणून ताईनं छापखान्यातून कोऱ्या कागदांचे गठ्ठे आणले. त्यांवर काय लिहिलंय, ते तिनं मला दाखवलं नाही आणि मी मागितलं नाही. ती अजून छापखान्यात जाते, अजून तिच्या हातून आकडा सुटत नाही. संख्या फुटली याचं तिला काही नाही. खोट्या बाक्यांचंही आता ती फारसं मनाला लावून घेत नाही. पण एकोणीसातले पहिले चार दिवस गेले, त्याचा तिला कुणावर राग काढावा ते कळत नाही. कधीतरी शिवण घेऊन माझ्यासमोर बसलेली असते आणि मधेच म्हणते, "चार दिवस गं," आणि मग सुई घेऊन नुसती बसून राहते.